काडतूस घरी भरताना पाच भागांचा मेळ कसा बसवायचा

गेल्या ऑक्टोबरात एका मित्राचा फोन आला. मूळचा सांगलीचा, आता ओहायोत असतो, शिकारीचा परवाना नुकताच काढलेला. म्हणाला, "दादा, माझे प्रायमर संपले. दुकानात दुसऱ्या कंपनीचे आहेत, पण तेही २०९ च आहेत. चालतील ना?" मी म्हटलं, "अरे थांब. पावडर कंपनीच्या छापील तक्त्यात कुठला प्रायमर लिहिलाय ते आधी वाच." (प्रायमर म्हणजे छर्र्याच्या काडतुसाच्या बुडात बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी. २०९ हे तिचं माप.) तक्ता त्याने उघडलाच नव्हता. शेजाऱ्याने एका कागदावर पावडरचं वजन लिहून दिलं होतं, त्यावर त्याचं काम चाललं होतं.

त्याला त्या दिवशी फोनवर तासभर जे सांगितलं, तेच इथे नीट लिहितोय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, पेशाने टूलरूमचा माणूस आहे, आणि खार आणि ससा या लहान शिकारीसाठी लागणारी बहुतेक काडतुसं घरच्या प्रेसवर, म्हणजे भरणीच्या हातयंत्रावर, स्वतः भरतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. हे सगळं अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि काडतुसं शस्त्र कायद्याखाली येतात, त्यामुळे गावी हे कोणी करायला जाऊ नये. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. आणि एच-वन किंवा तत्सम व्हिसावर असाल, तर बंदूक आणि काडतुसं बाळगायलाही फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. आपल्या कितीतरी मुलांना हे ठाऊक नसतं. राज्याचे नियम वेगळे असतात, तेही वाचून घ्या.

आमच्या कुडाळकडच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या परवान्यावरची. ती भरताना मी शेजारी उकिडवा बसून बघायचो. पितळी मापाने दारू नळीत जायची, मग काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, वर पुन्हा थोडा काथ्या, आणि सगळ्यात शेवटी केप. इथे पहिल्यांदा काडतुसाची रिकामी पुंगळी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं की थर तेच आहेत. केपेच्या जागी प्रायमर, काथ्याच्या जागी प्लॅस्टिकचा वॅड, आणि वरच्या काथ्याच्या जागी पुंगळीच्या तोंडाची घडी, जिला इथे क्रिम्प म्हणतात.

फरक आहे तो दारूत. आजोबांची काळी दारू. आजची बिनधुराची पावडर बंद जागेत वेगळीच वागते. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून पुंगळीच्या आतली जागा जराशी कमी झाली, प्रायमरची ठिणगी जरा तापट निघाली, वॅड जरा घट्ट बसला, की पावडरचं वजन तेच असूनही दाब कुठल्या कुठे जातो. १२ गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या घेराचं माप) पावणेतीन आणि तीन इंची काडतुसाला अमेरिकेतली ठरलेली कमाल सरासरी मर्यादा ११,५०० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तितके पौंड, आहे आणि २० गेजला १२,००० पीएसआय. हा दाब डोळ्यांना दिसत नाही आणि खांद्याला नेमका कळत नाही. बार हलका वाटला म्हणून दाब कमी होता असं होत नाही.

म्हणूनच काडतूस हा पाच वस्तूंचा एकच संच समजायचा: पुंगळी, प्रायमर, पावडर, वॅड, छर्रे. पावडर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या प्रयोगशाळेत हा पूर्ण संच मोजतात आणि तक्त्यात एका ओळीत छापतात. ती ओळ जशीच्या तशी घ्यायची. चार वस्तू त्या ओळीतल्या आणि पाचवी घरात होती म्हणून घातली, तर ती ओळ तुमची राहिली नाही. म्हणूनच मी या लेखात पावडरचं एकही वजन देत नाही. वजन छापील, चालू तक्त्यातूनच घ्या. माझ्याकडून नको, शेजाऱ्याकडून तर नकोच.

सुरुवात बंदुकीपासून

पहिला प्रश्न बंदुकीचा. नळीच्या बाजूला गेज आणि चेंबरची, म्हणजे काडतूस बसायच्या जागेची, लांबी कोरलेली असते, ती वाचा. काडतुसाची लांबी मोजली जाते ती बार उडून तोंड उघडल्यानंतरची. त्यामुळे न उडवलेलं तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये आरामात बसतं आणि माणूस फसतो. बार उडाला की घडी उघडते, तिला मोकळं व्हायला जागा नसते, तोंड पुढच्या अरुंद भागात अडकतं आणि दाब चढतो. जुनी १६ गेजची किंवा वाडवडिलांची दुनळी असेल तर चेंबर पावणेतीन इंचांपेक्षाही आखूड असू शकतं. तशी बंदूक आधी बंदुकीच्या कारागिराला दाखवा. वेटोळ्यांची नक्षी दिसणाऱ्या जुन्या दमास्कस नळीत आजची काडतुसं घालूच नका.

घरात १२ आणि २० अशा दोन्ही बंदुका असतील तर भरणीची टेबलं वेगळी ठेवा, निदान दिवस तरी वेगळे. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या नळीत सरकून पुढे अडकतं. मागे १२ चं काडतूस व्यवस्थित बसतं, आणि चाप ओढला की नळी फुटते. कारखान्याची २० गेजची काडतुसं पिवळी असतात ती ह्याचसाठी. पिवळी पुंगळी १२ गेजच्या डब्यात दिसली तर हातातलं काम थांबवून सगळा डबा रिकामा करून बघा.

शिकार आणि छर्रे

माझी शिकार म्हणजे खार आणि कॉटनटेल ससा. अंतर साधारण २० ते ३० यार्ड. पाच वस्तूंतला सगळ्यात सोपा प्रश्न छर्र्यांचा, म्हणून उत्तर थोडक्यात देतो: खारीला ६ नंबर, सशाला ६ किंवा साडेसात. खारीची कातडी चिवट असते आणि ती उंच ओक झाडावर बसलेली असते, तिथे साडेसात नंबर कमी पडलेला मी पाहिलाय. ससा जवळून, झुडपातून पळताना मिळतो, त्याला दोन्ही चालतात. मी तरी दोन्हीला ६ च भरतो. कारण छर्रे कमी म्हणजे मांसात कमी. मालवणी मसाल्यातला सशाचा रस्सा खाताना दाताखाली शिसं आलेलं कोणालाच आवडत नाही, आणि लहान मुलांच्या पोटात तर ते जायलाच नको. साफ करताना प्रत्येक भोकाभोवतीचे केस आणि काळवंडलेलं मांस काढूनच टाका.

छर्र्यांच्या नंबराचा एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकन नंबर १७ मधून वजा केला की व्यास इंचाच्या शतांशात मिळतो. ६ नंबर म्हणजे ११ शतांश इंच, सुमारे २.८ मिलिमीटर. साडेसात म्हणजे साडेनऊ शतांश, सुमारे २.४ मिलिमीटर. शिशाच्या ६ नंबरचे एका औंसात साधारण २२५ छर्रे बसतात, साडेसातचे ३५०.

किती औंस घालायचे? १२ गेजला लहान शिकारीसाठी १ औंस पुरतो, फार तर एक अष्टमांश जास्त. मी मनात आण्यांत मोजतो, १ औंस दोन आणे, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. २० गेजला चौदा आणे औंस, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. वेग सेकंदाला ११५० ते १२२० फूट भरपूर झाला. सव्वा औंस आणि वरचा वेग तीतरासारख्या उंच, लांब उडणाऱ्या फेझंटला लागतो. खारीला तो लावला तर फक्त मांस खराब होतं आणि खांदा दुखतो.

स्टीलच्या छर्र्यांचं मात्र पूर्ण वेगळं दुकान आहे. पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बिनविषारी छर्रे सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे, आणि काही सार्वजनिक जमिनींवर सशालाही ते चालत नाही. स्टील शिशाहून हलकं आणि फार कडक. त्याला जाड भिंतीचा खास वॅड, वेगळी पावडर आणि वेगळा तक्ता लागतो. शिशाच्या ओळीत स्टील ओतायचं नाही, वजन सारखं आलं तरी नाही. शिशाच्या पातळ वॅडमधून ते नळीला चरे पाडतं आणि दाबही बिघडवतं.

पुंगळी

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

भरायला लागून मला दुसरं वर्ष होतं. रेंजवर लोक रिकाम्या पुंगळ्या टाकून जातात, त्या मी पिशवीभर गोळा केल्या. लाल रंग, पितळी बूड, तोंडाला आठ घड्या. सगळ्या सारख्या दिसल्या म्हणून सगळ्यांत एकच वॅड आणि एकच वजन घालून पन्नास काडतुसं भरली. काहींच्या तोंडाची घडी मधोमध खोलगट बसली होती, बशीसारखी. ते मला दिसलं होतं, आणि मी ते सोडून दिलं.

नोव्हेंबरातली सकाळ, गवतावर दहिवर गोठलेलं. ज्यांच्याकडून मी हे सगळं शिकलो ते शेजारचे म्हातारे शेतकरी माझ्या डाव्या हाताला चालत होते. ससा उठला, मी चाप ओढला, आणि धडाम् व्हायच्या ऐवजी नुसता "फुस्स" आवाज आला. दोन-चार छर्रे पायापुढे पडले. माझा हात सवयीने पंप मागे ओढायला गेला. म्हातारे ओरडले, "हलू नकोस! बंदूक खाली धर!" त्यांनी ती माझ्या हातून घेतली, उघडली, रिकामी केली आणि नळीत गज घातला. अर्ध्या नळीत वॅड अडकला होता. मी पुढचं काडतूस उडवलं असतं तर ते त्या वॅडवर जाऊन आदळलं असतं, आणि माझा डावा हात बरोबर त्याच जागी होता.

घरी येऊन उरलेल्या पुंगळ्यांतून दोन उचलल्या, व्हाइसमध्ये धरल्या आणि बारीक दातांच्या आरीने उभ्या चिरल्या. बाहेरून जुळी भावंडं, आतून नातं नाही. पहिलीची भिंत वरून खाली जाड होत गेलेली, आतली जागा शंकूसारखी निमुळती आणि बूड भिंतीतूनच ओतलेलं. दुसरीची भिंत वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची, सरळ, आणि तळाशी वेगळी बसवलेली बुटकी चकती. माझा वॅड होता निमुळत्या पुंगळीचा. सरळ पुंगळीत त्याच्या बुडाचा घेर भिंतीला नीट टेकत नव्हता, वायू बाजूने निसटत होता. जागा जास्त म्हणून सगळा थर खाली बसला, म्हणून घडी खोलगट. वर थंडी. पावडर धड पेटलीच नाही.

उलट चूक याहून वाईट असते. सरळ पुंगळीचा रुंद बुडाचा वॅड निमुळत्या पुंगळीत कोंबला की तो खाली अडतो, वाकडा होतो, आणि सरळ पुंगळीसाठी ठरवलेली पावडर तिथे कमी जागेत जळते. तिथे फुस्स होत नाही. तिथे दाब मर्यादेबाहेर जातो.

तेव्हापासून नवी जात हाती आली की पहिली पुंगळी आरीखाली. तुम्हीही करा, पाच मिनिटांचं काम आहे. १२ गेजमध्ये साधारण असं आढळेल: रेमिंग्टनच्या एसटीएस, नायट्रो २७ आणि गन क्लब एकसंध, निमुळत्या आणि आतून सारख्या, विंचेस्टर एए निमुळती, पण जुनी एकसंध आणि नवी दोन तुकड्यांची, चेडाइट आणि फिओकी सरळ भिंतीच्या, बुडाशी वेगळी प्लॅस्टिक चकती, फेडरल गोल्ड मेडल सरळ, आणि तिच्या बऱ्याच पुंगळ्यांत बूड कागदाचं. कागदी बूड ओलं झालं की फुगतं किंवा सुटतं, म्हणून पावसात पडलेल्या पुंगळ्या मी उचलत नाही. वेगळ्या चकतीच्या पुंगळीत प्रत्येक वेळी उजेडात डोकावून बघतो, चकती जाग्यावर आहे ना. सुटी चकती वॅडबरोबर नळीत जाऊन बसू शकते.

नव्या माणसाने एकच जात ठरवावी आणि ती नवी काडतुसं विकत घेऊन, स्वतः उडवून जमवावी. म्हणजे पुंगळी कितव्यांदा भरतोय ते कळतं. तोंडाला चीर, भिंतीला टाचणीएवढं भोक, घडीच्या रेषेत उजेड दिसणं, बुडाचं पितळ फुगलेलं असणं, यातलं एकही दिसलं तर पुंगळी कचऱ्यात. मी शिकारीच्या भरणीला कुठलीही पुंगळी चारपेक्षा जास्त वेळा वापरत नाही. त्यानंतर ती हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरच्या सरावाला.

तक्त्यातली ओळ: पावडर, प्रायमर, वॅड

पुंगळी आणि छर्र्यांचं वजन ठरलं की तक्ता उघडा आणि त्या पुंगळीच्या नावाखाली, त्या वजनाखाली कोणत्या ओळी आहेत ते बघा. खरेदी त्यानंतर. माझ्या मित्राने केलं ते उलटं होतं: स्वस्त पावडर आधी आणली, मग तिच्यासाठी बाकीचं शोधत बसला.

पावडरींत जळायचा वेग महत्त्वाचा. अलायंट कंपनीच्या घराण्यात रेड डॉट वेगवान, ग्रीन डॉट जरा सावकाश, युनिक मध्यम, ब्लू डॉट सावकाश. हलक्या छर्र्यांना वेगवान पावडर, जड छर्र्यांना सावकाश. कारण सरळ आहे: जड छर्रे सावकाश हलतात, त्यांच्या मागे वेगवान पावडर घातली की मागची जागा वाढण्याआधीच दाब फार चढतो. १२ गेजला १ औंस ते १ औंस दोन आणे यांसाठी ग्रीन डॉट, युनिक किंवा हॉजडनची युनिव्हर्सल या टप्प्यात भरपूर ओळी मिळतात. मी युनिव्हर्सल वापरतो, कारण तीच १२ ला आणि तीच २० ला चालते, आणि घरात पावडरचा एकच डबा उघडा राहतो. वजनं अर्थात दोन्हीकडे वेगळी.

डब्यावरचं नाव अक्षर अन् अक्षर वाचा. क्लेज, युनिव्हर्सल आणि इंटरनॅशनल या एकाच कंपनीच्या तीन वेगळ्या पावडरी आहेत. दोन पावडरी कधीही मिसळायच्या नाहीत, आणि चिठ्ठी पडलेल्या डब्यातली पावडर कितीही ताजी वाटली तरी भरणीला घ्यायची नाही.

त्याच पुंगळीला आणि छर्र्यांच्या वजनाला वेगवेगळ्या दाबाच्या ओळी मिळत असतील तर थंडीतल्या शिकारीसाठी मी अगदी कमी दाबाची ओळ सोडून देतो. मर्यादेच्या आत पण ८,०००-९,००० पीएसआयच्या पुढची ओळ गारठ्यात जास्त भरवशाने पेटते. ५,००० च्या आसपासची सौम्य ओळ जुलैत चकत्यांवर छान चालते आणि जानेवारीत दगा देते.

आता मित्राचा प्रश्न, प्रायमरचा. २०९ हे मापाचं नाव आहे, ताकदीचं नाही. विंचेस्टर २०९, फेडरल २०९ए, सीसीआय २०९ आणि २०९एम, चेडाइट, फिओकी ६१६ हे सगळे त्याच भोकात बसतात. ठिणगी प्रत्येकाची वेगळी. फेडरल २०९ए आणि सीसीआय २०९एम तापट समजले जातात. बाकी सगळं तेच ठेवून नुसता प्रायमर बदलला तर हजार-दोन हजार पीएसआयचा फरक पडलेला तक्त्यांत दिसतो. मर्यादा ११,५०० असताना १०,५०० च्या ओळीत तापट प्रायमर घातला तर काय होईल हे सांगायला नको. एकाच पावडरच्या शेजारशेजारच्या ओळी वाचून बघा, प्रायमर बदलला की पावडरचं वजनही बदललेलं दिसेल.

आणखी एक बारीक गोष्ट. चेडाइटसारखे काही युरोपियन प्रायमर अमेरिकन प्रायमरपेक्षा केसभर जाड असतात. एकदा तो बसवला की पुंगळीचं भोक तेवढं मोठं होतं आणि पुढच्या वेळी अमेरिकन प्रायमर सैल बसतो. अंगठ्याने दाबून जो प्रायमर आत जातो तो नको. ढिल्या प्रायमरच्या बाजूने वायू मागे येतो आणि बंदुकीचा दट्ट्या जाळतो. प्रायमर बुडाच्या पातळीत बसला पाहिजे. नखाने चाचपून वर आलेला जाणवला तर ते काडतूस बाजूला.

वॅडची निवड खरं तर ओळच करते. विंचेस्टरचा डब्ल्यूएए१२ हा निमुळत्या पुंगळीतल्या १ औंस दोन आण्यांचा, त्याचा भाऊ डब्ल्यूएए१२एसएल १ औंसाचा, फेडरलचा १२एस३ सरळ पुंगळीचा. मूळ वॅडसारखेच दिसणारे स्वस्त वॅड बाजारात असतात आणि त्यांतले बरेच चांगले आहेत, पण त्यांच्या नावाने तक्त्यात ओळ आहे का ते बघूनच मी घेतो. सारखा दिसतो, या शब्दावर माझा आता विश्वास नाही.

मेळ बसला का, ते घडी सांगते

प्रेस कुठलीही असो, माझी साधी एकेक काडतूस भरणारी मेक कंपनीची आहे, पावडर टाकणाऱ्या बुशिंगच्या, म्हणजे मापाच्या भोकाच्या नळकांडीच्या, तक्त्यावर विसंबू नका. तो अंदाज असतो. माझ्या प्रेसवर छापल्यापेक्षा थोडी कमीच पडते, तुमच्याकडे हात जोरात चालत असेल तर जास्त पडेल. तराजू लागतोच, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा. ग्रेन किती लहान, ते आपल्या सोनारांच्या हिशोबात सांगतो: एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणजे एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन आले. सोनाराच्या हाताने काम करायचं आहे, वाण्याच्या नाही. पहिले दहा झोत प्रत्येक वेळी मोजतो, नंतर दर पंचविसाला एक. छर्रेही मोजायचे, लहान छर्रे प्रेसवरच्या मापाच्या पट्टीच्या भोकात दाट बसतात, त्यामुळे त्याच पट्टीतून साडेसातचं वजन ६ पेक्षा जास्त पडतं.

मग पहिलं काडतूस पूर्ण भरा आणि दिव्याखाली धरा. घडी सपाट, किंचित आत गेलेली, मधे भोक नाही, असं असेल तर पुंगळी, वॅड आणि छर्रे यांचं जमलं. खोलगट बशी दिसली तर आतला थर बुटका आहे. घडी फुगून वर आली किंवा दुसऱ्या दिवशी उघडू लागली तर थर उंच आहे. दोन्ही वेळी प्रेसचे स्क्रू आवळत बसण्याआधी वॅड आणि पुंगळीचं नाव तक्त्याशी पुन्हा ताडून बघा. दहात नऊ वेळा तिथेच काहीतरी निघतं. उंची जुळवायला पावडर कमी-जास्त करायची नाही. पुंगळीला सहा घड्या असतील तर सहाचा, आठ असतील तर आठचाच क्रिम्प स्टार्टर लावा, नाहीतर नव्या घड्या जुन्या रेषांवर बसत नाहीत आणि मधून छर्रे गळतात.

पाच काडतुसं भरून रेंजवर जा, पन्नास नाही. प्रत्येक बार लक्ष देऊन ऐका. आवाज किंवा धक्का वेगळा वाटला की बंदूक रिकामी करून नळीतून आरपार बघायचं, मगच पुढचा बार. रिकाम्या पुंगळीत न जळलेली पावडर भरपूर उरली असेल, प्रायमरभोवती काजळी असेल, पुंगळी चेंबरमधून ओढून काढावी लागत असेल, तर थांबा आणि ओळ पुन्हा वाचा.

सगळं ठीक असेल तर ३० यार्डांवर मोठा कागद लावा. जिथे छर्रे दाट पडले त्याभोवती ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि भोकं मोजा. नळीच्या चोकचे, म्हणजे तोंडाशी असलेल्या आवळणीचे, ठरलेले आकडे ४० यार्डांचे असतात: इम्प्रूव्ह्ड सिलिंडरला निम्मे छर्रे वर्तुळात, मॉडिफाइडला साठ टक्के, फुलला सत्तर. मी ३० वर मोजतो कारण माझी खार तिथे असते. वर्तुळात खारीएवढी, म्हणजे तळहाताएवढी रिकामी जागा कुठे उरते का ते बघतो. उरली तर आधी चोक बदलून बघतो, मग जास्त अँटिमनीचे कडक छर्रे. मऊ छर्रे नळीतच चपटे होऊन भरकटतात. पावडर वाढवून पसारा सुधारत नाही, बहुतेक वेळा बिघडतोच.

टेबलावर एका वेळी एकच पावडर आणि एकच जातीचा प्रायमर. काम संपलं की उरलेली पावडर तिच्या मूळ डब्यात, प्रायमर मूळ खोक्यात. काचेच्या बरणीत ओतलेले प्रायमर सगळे एकदम पेटू शकतात. घरात किती साठा ठेवावा याला अग्निसुरक्षेचं मानक आहे, पावडर २० पौंडांपर्यंत आणि प्रायमर १०,००० पर्यंत, पण माझ्याकडे दोन पौंडांवर कधी नसते. चहाचा कप त्या खोलीत नेत नाही, आणि बाहेर आल्यावर कोपरापर्यंत हात धुतो, शिसं हाताला राहतं.

भरलेल्या प्रत्येक डब्यावर मी चिकटपट्टी लावतो. तिच्यावर सात गोष्टी असतात: पुंगळीचं नाव आणि कितवी भरणी, प्रायमर, पावडर आणि तिचं मोजलेलं वजन, पावडरच्या डब्यावरचा लॉट नंबर, वॅड, छर्रे, तारीख. शिवाय प्रत्येक पुंगळीच्या बुडावर मार्करने एक ठिपका, या वर्षी हिरवा. मित्राला मी तेच सांगितलं, की नवा प्रायमर घ्यायचा असेल तर त्या प्रायमरची ओळ शोध, तिचं वजन नव्याने लाव, आणि ठिपक्याचा रंग बदल. त्याला त्याच्या पुंगळीखाली तशी ओळ सापडली. पावडर आधीपेक्षा कमी होती.